खंड्याची पालखी

कोल्हापुरांत शाहूमहाराज असें म्हटलें म्हणजे राजर्षि शाहूच डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु येथें आम्हांस सांगावयाची आहे ती हकीकत साताऱ्याच्या थोरल्या शाहूंची. ज्यांनीं 1731 सालीं वारणेच्या तहानें आमच्या करवीरच्या गादीशीं चाललेला तंटा मिटविला, त्यांची. खंड्या नांवाच्या कुत्र्यानें शिकारींत वाघापासून त्यांचे प्राण वांचविले. म्हणून महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद करून दिली व पालखीचा मान दिला. संगम माहुलीस, कृष्णा-वेण्णांच्या संगमाजवळ, त्याची समाधि आजही दाखवितात. (रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून 2025 सालीं माजलेल्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.)

1818 ते 1822 पर्यंत साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफनें आपल्या 1826 सालच्या मराठ्यांच्या इतिहासांत ही गोष्ट नमूद केली आहे. पण कोठें? तर शाहूंच्या उतारवयांतील बुद्धिभ्रंशाचें वर्णन करतांना! कुत्र्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर लेववून महाराजांनीं आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, ही गोष्ट आणि पालखीची गोष्ट त्यानें एकाच दोरींत ओंवली आहे. पगडीविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं. पण पालखी हें वेडाचें लक्षण कसें? ज्या पुरुषानें 1689 पासून 1707 पर्यंत अठरा वर्षें मोगलांच्या छावणींत कैदेंत काढलीं, त्यास निष्ठेची किंमत इतरांहून अधिक कळली असल्यास नवल नाहीं. शिवाय वाघावर धांवून जाणारें कुत्रेंही कधींतरी म्हातारें होतेंच. पालखी तरण्यास लागत नाहीं; म्हाताऱ्यास लागते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या तर्काकडे आमचें मन वळलें त्यास कारण अगदीं घरगुती आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनीं नांवारूपास आणलेल्या जातीची एक तेरा वर्षांची कुत्री आमच्या घरीं आहे. गेल्या वर्षीं ती हांकेस दाद देईनाशी झाली. रंकाळ्याच्या कांठीं शीळ घातली तरी ती पाठमोरी चालतच राही. तीस वर्षें विद्यार्थ्यांचें दुर्लक्ष ओळखण्यांत घालविलेल्या आम्हीं हेंही दुर्लक्षच ठरविलें. आणि एके सकाळीं मागून जाऊन कांठी उगारली. तिनें सावली पाहून मान वळविली. तिच्या नजरेंत अपराध नव्हता, नुसतें आश्चर्य होतें. तेव्हां कोठें आम्हांस आठवलें कीं, दरवर्षीं लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं पलंगाखालीं दडून बसणारी ती, यंदा फटाक्यांच्या भडिमारांत स्वस्थ झोंपली होती.

असली चूक आमच्यापूर्वीं एका थोर विद्वानाच्या हातूनही घडली, हें वाचून थोडें समाधान वाटलें. फ्रान्सिस गाल्टन यानें अतिशय बारीक आवाजाची एक शिटी तयार केली होती. कांठीच्या टोकास ती बसवून व रबराची नळी दाबून तो प्राण्यांचे कान पारखीत हिंडे. वय वाढतें तसे उंच स्वर माणसास ऐकूं येईनासे होतात, हें त्यानें बरोबर हेरलें होतें. परंतु बर्न शहरांत रस्त्यांवर पडून राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यांपुढें त्यानें तासन् तास शिटी वाजविली, एकही वळून पाहीना. त्यावरून मोठ्या जातीच्या कुत्र्यांस तो स्वर ऐकूंच येत नाहीं, असें त्यानें 1883 सालच्या ग्रंथांत लिहिलें. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं हेन्री हेफ्नर यानें चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंतचे कुत्रे तपासले. देहाच्या आकाराचा उंच स्वर ऐकण्याशीं संबंध आढळला नाहीं. बर्नचे ते श्वान ऐकत असावेत. उठण्याची त्यांस गरज वाटली नसावी! गाल्टननें आळसास बहिरेपण मानलें, आम्हीं बहिरेपणास आळस.

पशुवैद्यांनीं कानांत मळ सांचलेला नाहीं, पू नाहीं, याची खात्री करून घेतली. निव्वळ वार्धक्यानें गेलेली श्रवणशक्ति औषधानें परत येत नाहीं. मात्र ही जात मूळची नजरेनें शिकार करणारी. त्यामुळें हाताच्या खुणा ती थोड्याच दिवसांत शिकली. तळहात खालीं केला कीं बसते, छातीशीं आणला कीं जवळ येते. तिला झोंपेतून उठवावयाचें असल्यास आम्ही आधीं जमिनीवर पाय आपटतों, किंवा नाकापुढें हात धरतों. अवचित अंगास हात लावल्यास गरीब कुत्रेंही दचकून चावतें. मोटारीचा कर्णा तिला ऐकूं येत नाहीं, म्हणून रस्त्यावर आतां साखळीवांचून नेत नाहीं. रात्रीं ओसरीवर एक मंद दिवा ठेवतों.

जिना मात्र तिला अलीकडे चढवत नाहीं. दोन्हीं हातांवर घेऊन आम्ही तिला माडीवर नेऊं लागलों कीं स्वयंपाकघरांतून आवाज येतो, "निघाली का पालखी?" तिला तो ऐकूं येत नाहीं, आम्हांस येतो.