गळाने रोहू, कटला धरायचाय? आधी हे वाचा

गळाला कणकेचा गोळा लावा की गांडूळ, खरी गोष्ट खोलीची आहे. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधे फिरतो, मृगळ अन् सायप्रिनस तळाच्या गाळात. म्हणून कटल्यासाठी तरंगणारं बूच गळाच्या जवळ बांधा. मृगळ हवा तर गळ तळाला टेकू द्या.

गावतलावातला मासा मात्र फुकटचा समजू नका. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे तलावात बीज विकत आणून सोडावं लागतं. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर तो त्यांचा पैसा आहे. विचारूनच बसा.

नदीत हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या, पोटात लाखो अंडी असतात.

अन् तेव्हा वर्धेच्या काठावर बसूच नका. नदी मुलताईकडून येते. तिकडे पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. ३० जुलै १९९१ चा पूर मोवाडला कुणाला सांगावा लागत नाही.