पेशीची विस्मृति

गुलाबाची फांदी छाटून जमिनींत खोवली असतां तिला मुळें फुटतात, हें आमच्या माळ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु खोडाच्या पेशीस मूळ होण्याची बुद्धि कोठून होते, या प्रश्नाचा शास्त्रीय इतिहास अलीकडचाच आहे. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यानें १९०२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, सुट्या पेशीस योग्य पोषण मिळाल्यास ती संपूर्ण वनस्पति घडविण्यास समर्थ असली पाहिजे. त्याच्या पेशी जगल्या, वाढल्या, पण विभागल्या नाहींत. १९५७ मध्यें स्कूग व मिलर यांनीं तंबाखूवर दाखविलें कीं, ऑक्सिन व कायनेटिन यांचें परस्परप्रमाण बदलतांच एकाच पेशीपुंजांतून कधीं मूळ निघतें, कधीं कोंब.

ही विद्या आमच्या मुंबई उपनगरांतहि रुजली. कुर्ला तालुक्यांतील ट्रॉम्बे येथें, भाभा अणुसंशोधन केंद्रांत, बापट व राव यांनीं चंदनाच्या ऊतींपासून भ्रूण व रोपें मिळविलीं आणि १९७९ सालीं तें संशोधन प्रसिद्ध केलें. त्याच केंद्रांतील संशोधकांनीं १९९२ मध्यें केळीचे इवले कोंब अल्जिनेटच्या गोळ्यांत बसवून त्यांपासून रोपें वाढविलीं. फळांत रुजणारें बीज नसलेल्या केळीस जणूं कृत्रिम बीजच लाभलें!

कृति साधली, तिचें कारण मागाहून उमगलें. २०११ सालीं जपानांत इवासे प्रभृति संशोधकांनीं जखम होतांच जागें होणारें ‘विंड-१’ हें जनुक उजेडांत आणलें. त्याच्या प्रभावानें पेशी आपलें ठरलेलें काम सोडून पुन्हां विभागूं लागतात. मात्र ही विस्मृति कोऱ्या पाटीसारखी नव्हे. २०१० मध्येंच अमेरिकेंत मेयरोविट्झ यांच्या प्रयोगशाळेंत असें आढळलें होतें कीं, पाकळीपासून निघालेला पेशीपुंजहि मुळाच्या घडणीचीच वाट धरतो.

तात्पर्य, पेशी आपला धंदा विसरते, कुळ विसरत नाहीं. म्हणूनच एका पेशीपासून सबंध झाड उभें राहतें, आणि म्हणूनच मूळ झाडाचें वैगुण्यहि प्रत्येक रोपांत उतरतें. मुनव्यांपासून वाढविलेली ‘ग्रो मिशेल’ केळी अशीच एकरूप होती. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगानें मध्य अमेरिकेंतील तिचे मळेच्या मळे उजाड केले. आज जळगांवकडे ऊतिसंवर्धित केळीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. तिच्या लाभाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु वसईच्या राजेळीसारख्या जुन्या वाणांचीं बेटें राखणें हेंहि त्याच शास्त्राचें कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों.