पाठ कोण चोळणार?

गेल्या दिवाळीत नातीनं पुण्याहून माझ्यासाठी एक सुंदरशी पेटी आणली. आत सुवासिक मीठ, दोन मेणबत्त्या, तेलाची इवलीशी बाटली आणि एक चिठ्ठी. "आजी, दार लावून घे, दिवा मालव, मेणबत्ती लाव आणि तासभर कुणाशी न बोलता निवांत अंघोळ कर. याला सेल्फ-केअर म्हणतात. रोमन लोक अश्शीच करायचे!"

बाकी सगळं कबूल, पण ते शेवटचं वाक्य मला टोचलं. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी चुकीचं वाक्य दिसलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तर मंडळी, आज रोमन लोकांच्या अंघोळीविषयी. आणि तिच्यापायी माझी जी फजिती झाली, तिच्याविषयीही.

आधी एक कबुली देते. वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, की रोमन लोक ऐषारामी झाले, दिवसदिवस हमामात लोळू लागले आणि म्हणून त्यांचं साम्राज्य बुडालं. फळ्यावर लिहायला हे सोपं पडायचं. पुढे निवांत वाचायला लागले तेव्हा कळलं की हे असं एका ओळीत बसवण्यासारखं नव्हतंच.

सुरुवातीचे रोमन फारशी अंघोळ करतच नसत. सेनेका हा पहिल्या शतकातला तत्त्वचिंतक. सिपिओ या जुन्या सेनापतीचं घर बघायला तो गेला होता. तिथली अंधारी, चिंचोळी न्हाणी बघून तो लिहितो, की पूर्वीचे लोक रोज फक्त हातपाय धूत आणि सगळं अंग धूत ते बाजाराच्या दिवशी! पुढे काळ बदलला. इ.स.पू. ३३ मध्ये अग्रिपा या अधिकाऱ्यानं रोममधली १७० स्नानगृहं वर्षभर लोकांना फुकट खुली केली. चौथ्या शतकातल्या याद्यांत रोम शहरात ८५६ लहान आणि ११ मोठी स्नानगृहं नोंदलेली आहेत. कॅराकॅला बादशहाचं स्नानगृह इ.स. २१६ मध्ये सुरू झालं. तिथे एका वेळी सोळाशे माणसं अंघोळ करू शकत असं म्हणतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा त्याच अवशेषांत भरवल्या होत्या. म्हणजे जागा केवढी असेल बघा.

एरवी आत जायला पैसे पडत, पण अगदी थोडे. रोममध्ये नेहमीचा दर होता एक 'क्वाड्रन्स', म्हणजे सगळ्यात लहान नाणं. दुपार कलली की लोक निघत. आधी कपडे काढायची खोली. मग अंगणात थोडी कसरत, चेंडू खेळणं. अंगाला ऑलिव्हचं तेल. मग कोमट खोली, मग गरम खोली, घाम सुटला की 'स्ट्रिजिल'नं अंग खरवडायचं आणि शेवटी गार पाण्याच्या कुंडात बुडी. क्रम थोडा मागेपुढे व्हायचा. स्ट्रिजिल म्हणजे कोयत्यासारखी बाक असलेली, पण बोथट अशी धातूची पट्टी. तेल, घाम, मळ सगळं तिनं निघून येई. साबण अंगाला लावायची पद्धत नव्हती. प्लिनीनं साबणाचा उल्लेख केलाय तो गॉल लोकांचं केस रंगवायचं औषध म्हणून.

खोल्या तापवायची युक्ती तर फारच नामी. जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली, साधारण दोन फूट. बाहेर भट्टी पेटवायची. तिची गरम हवा जमिनीखालून फिरायची आणि भिंतींत बसवलेल्या पोकळ विटांमधून वर चढायची. पायाखालची फरशीच तापलेली! आणि त्या भट्टीत लाकडं सारायला गुलाम, तेल लावायला गुलाम, कपडे राखायलाही गुलाम. हे मात्र विसरता कामा नये. त्यांचा आराम कुणाच्या तरी घामावर तापत होता.

पोर्तुगालमध्ये अल्जुस्त्रेल इथल्या एका रोमन खाणवस्तीतला काशाचा पत्रा सापडलाय. दुसऱ्या शतकातला. स्नानगृहाचा ठेका घेणाऱ्यानं काय काय करायचं याचे नियम त्यावर कोरलेत. पहाटेपासून दिवसाच्या सातव्या तासापर्यंत बायकांची पाळी, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांची. पुरुषांना अर्धा 'आस', बायकांना पूर्ण एक! (दुप्पट का, ते त्या ठेकेदारालाच ठाऊक.) त्यात एक कलम असं आहे, की पाणी तापवायची भांडी दर तीस दिवसांनी धुऊन, पुसून, ताज्या चरबीनं माखून ठेवायची. हे वाचलं आणि मला आमचा तांब्याचा बंब आठवला. दर महिन्याला चिंच लावून तो घासताना सासूबाई पाठीशी उभ्या असत.

आता हे सगळं ऐकून फार स्वच्छ, सुवासिक चित्र डोळ्यांपुढे आणू नका. कुंडातलं पाणी आजच्यासारखं वरचेवर बदलत नसे. मार्कस ऑरेलियस तर अंघोळ म्हटली की तेल, घाम, मळ आणि तेलकट पाणी आठवून नाक मुरडतो. सेल्सस हा वैद्यकावर लिहिणारा बजावतो, की जखम साफ झालेली नसेल तर स्नानगृहात जाऊ नका, ती सडेल. इंग्लंडमधल्या बाथ गावी गरम झऱ्यात शिशाचे सुमारे १३० पत्रे सापडलेत. त्यावर देवीला घातलेली गाऱ्हाणी आहेत. बरीचशी चोरीची. माझा अंगरखा ज्यानं पळवला त्याचं वाटोळं कर, अशा थाटाची!

आणि शांतता? तिचं तर नाव नको. सेनेका एकदा स्नानगृहाच्या वरच राहत होता. त्याच्या पत्रात कसरत करणाऱ्यांचं हुंकारणं आहे, मालिशवाल्याच्या हाताचे चापट्यांचे आवाज आहेत, स्वतःच्याच आवाजावर खूश होऊन अंघोळ करताना गाणारे आहेत, बगलेतले केस उपटणारा आणि त्याच्या हाताखाली किंचाळणारं गिऱ्हाईक आहे, शिवाय खाऊ विकणाऱ्यांच्या आरोळ्या. म्हणजे आपली एस.टी. स्टँडवरची दुपारच. श्रीमंतांच्या घरी खासगी न्हाणीघरं असत, पण तिथेही पाहुण्यांना बरोबर घेऊन जायची रीत.

एवढं सगळं माहीत असूनही मी काय केलं? नातीचं मन मोडायला नको म्हणून एका थंडीतल्या सकाळी घरच्या घरी रोमन अंघोळ करायचं ठरवलं. एकटीनं!

अंगणात दहा फेऱ्या मारल्या, ही झाली कसरत. न्हाणीत पाणी कढत करून वाफ कोंडली, ही गरम खोली. ऑलिव्हऐवजी तिळाचं तेल. स्ट्रिजिल म्हणून स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं. दार लावून कडी घातली आणि पाटावर बसले. हातपाय, मान, पोटऱ्या... छान तेल जिरवलं. उलथन्यानं खरवडायला तर गंमतच वाटली. फक्त पाठीला हात पुरेना. खांद्याच्या मधल्या जागेला यजमान गेल्यापासून कुणाचा हात लागलेला नाही. अकरा वर्षं झाली. रोजच्या घाईच्या अंघोळीत हे जाणवत नाही. त्या दिवशी जाणवलं.

गार पाण्याची बादली घ्यायला उठले आणि तेलकट पाय सरकला. मुलानं हौसेनं बसवलेल्या गुळगुळीत टाइल्स! धप्पकन खाली बसले. हाड मोडलं नाही, देवाची कृपा, पण कंबरेत अशी कळ आली की उठवेना. कडी वर. हात पोचेना. मेणबत्ती बापडी शांतपणे जळत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी ओरडले, "अक्काऽऽ!"

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ८१. एकाच घराच्या खालच्या मजल्यावर राहतात, पण वाटणी झाल्यापासून आमच्यात "जेवलात का?" आणि "पाणी आलं का?" याच्या पलीकडे बोलणं उरलं नव्हतं. सणाला वाटी इकडून तिकडे जाई, तेवढंच. त्या जिना चढून आल्या. दारापलीकडून म्हणाल्या, "कडी काढ अगोदर." हातातल्या उलथन्यानं ढकलून ढकलून कडी काढली. स्ट्रिजिलचा असा उपयोग कुठल्याही रोमन माणसानं केला नसेल.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. आणि त्या अवस्थेत अक्कांनी मला बघावं याची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. अक्कांनी पंचा टाकला अंगावर, धरून पाटावर बसवलं, कंबर दाबून बघितली. मग एकदम म्हणाल्या, "अगं, पाठ कोरडीच आहे की तुझी." आणि पदर खोचून, तेल घेऊन पाठ चोळायला बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र रडले. पाण्यात ते दिसत नाही, हे एक बरं असतं.

तेव्हा मला ती गोष्ट आठवली. हेड्रियन बादशहा (इ.स. ११७ ते १३८) सामान्य लोकांबरोबर सार्वजनिक स्नानगृहात जात असे. तिथे त्याला आपला एक जुना सैनिक भिंतीवर पाठ घासताना दिसला. का, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, पाठ चोळायला माझ्याकडे गुलाम नाही. बादशहानं त्याला गुलाम दिले, त्यांच्या पोटापाण्याची सोयही केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुष्कळ म्हातारे भिंतींना पाठी घासत उभे! बादशहानं सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, आता एकमेकांच्या पाठी चोळा.

ज्या चरित्रात ही गोष्ट आहे ते तसं फार भरवशाचं नाही. मी ती वर्गात विनोद म्हणून सांगायची. पोरं खो खो हसायची, मीही हसायची. बादशहा कसा हुशार, एवढंच तिचं तात्पर्य. पण त्याचं सांगणं खरंच साधं होतं, हे मला सत्तरी उलटल्यावर न्हाणीच्या फरशीवर बसून कळलं. स्वतःची काळजी स्वतः घ्यावी हे खरंच, पण पाठीपर्यंत आपला हात पोचत नाही.

आता दर रविवारी आमच्याकडे रोमन अंघोळ असते. कुणाला करायची असेल तर अनुभवाचे बोल सांगते. तळपायाला तेल लावायचं नाही, ते अंघोळीनंतर पलंगावर बसून लावावं. खाली रबरी जाळी हवी. पाणी कोपरानं बघून घ्यावं, फार कढत नको. शेवटचं गार पाणी आमच्या वयाला फक्त पायांवर, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. कडी तर घालायचीच नाही.

आधी अक्का माझी पाठ चोळतात, मग मी त्यांची. त्यांच्या पाठीवर उजवीकडे एक जुना डाग आहे. बंबाच्या निखाऱ्याचा, नवी नवरी असतानाचा. पन्नास वर्षं एका घरात राहून मला तो माहीत नव्हता. वाटणीचा विषय अजून कुणी काढलेला नाही. कधीतरी निघेल.

नातीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मग मेणबत्त्यांचं काय केलंस?" म्हटलं, लाइट जातात तेव्हा लावते.

असो. खालून अक्कांची हाक आली, "मास्तरीणबाई, पाणी निवतंय!" निघते.