उपकार आणि कृपा

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे खापरीच्या बाजूस मिहानचा विस्तीर्ण प्रदेश लागतो. विमानतळ, कारखाने, काचेच्या कचेऱ्या, एम्सचे मोठे रुग्णालय असा नव्या युगाचा सारा थाट तेथे मांडलेला आहे. तो मागे टाकून पुढे गेलेल्या प्रवाशास बुटीबोरी लागते व तिच्या आसपासच टाकळघाट हे गाव आहे. ह्या गावच्या शिवारातील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास १८६३ सालच्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल आले होते. त्यांच्यासमवेत स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होते. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी बोरीकडे परतत असता पावसाने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजास पुढे त्यांचेच नाव मिळाले.

हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली, धर्मोपदेश केला. पण त्यांच्या चरित्रातील मला मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे. हा पाद्री नागपूरच्या टेकड्या व नाले हिंडून दगड वेचीत असे. त्या दगडांतील शिंपले, झाडांची फळे, प्राण्यांचे अवशेष त्याने आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्या साहाय्याने जमविले आणि त्यांची माहिती विलायतेतील विद्वानांपुढे ठेवली. गोंडांची भाषा व गाणी त्याने टिपून घेतली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली टेंपल यांनी छापविली. नागपूरकडच्या तळ्यांत आढळलेल्या एका सूक्ष्म जलचरास 'हिस्लोपिया' असे शास्त्रीय नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्या दगडांवर पाय देऊन चाललो, ज्या पाण्यात घागरी बुडविल्या, त्यांकडे ह्या परदेशी गृहस्थाने वाकून पाहिले. सृष्टी ही कोणाची तरी देणगी आहे अशी ज्याची श्रद्धा, त्याला पायाखालचा खडाही क्षुद्र वाटत नाही. निदान हिस्लॉप ह्यांच्या बाबतीत धर्म आणि शास्त्र ह्यांचे नाते मला तरी असेच दिसते.

परंतु कृतज्ञता ही जितकी गोड, तितकीच अवघड वस्तू आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. पंडिता रमाबाई ह्या पहिल्या दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः फिरल्या आणि निराधार विधवा व मुली आपल्या आश्रयास घेऊन आल्या. ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथालये उघडली. तेथे वाढलेल्या मुलास जेवणापूर्वी हात जोडून देवाचे आभार मानावयास शिकविले जाई. ह्या आभारांवर बाहेरच्या समाजाचा आक्षेप ठरलेला होता: हे लोक पोटासाठी बाटले. हा टोमणा क्रूर होता, कारण उपाशी मुलास पोट असू नये असे म्हणण्यासारखाच तो होता. तथापि त्यात एक खरा प्रश्न लपलेला आहे. ताटात भाकरी वाढणारा हात डोळ्यांपुढे असता, आभार देवाचे की त्या हाताचे? हाताचे म्हणाल तर तो उपकार झाला. आणि उपकाराखाली दबलेल्या माणसाची मान सहसा वर होत नाही. देवाचे म्हणाल तर ती कृपा. तेथे देणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच पंगतीत बसलेले याचक ठरतात. मिशनांच्या अंगणात ह्या दोन गोष्टींची सरमिसळ फार झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हा भेद मराठीत जर कोणी जगून दाखविला असेल तर तो रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी, आणि त्यांच्या आयुष्याचे वळणही नागपूरच्याच वाटेवर पडले. बुटीबोरीच्या नावातील 'बुटी' हा शब्द ऐकला की नागपूरच्या धनाढ्य बुटी घराण्याची आठवण होते. टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयास राहून संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. पुढे १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांचे बोलणे कवितेवरून धर्मावर गेले आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती 'नव्या करारा'ची प्रत ठेवली. टिळकांना जखडून ठेवले ते त्यातील डोंगरावरील प्रवचनाने. पाखरांना कोण भरवतो आणि रानफुलांना कोण नटवतो, हा त्या प्रवचनातील विषय फुलामुलांचा कवी म्हणून पुढे महाराष्ट्रास ज्ञात झालेल्या माणसाच्या थेट काळजाला भिडावा, यात नवल ते काय! ह्याच प्रवचनात शिष्यांस शिकविलेली प्रार्थना आहे, आणि तीत अन्नाचे मागणे फक्त एका दिवसापुरते आहे. कोठाराचे नाव नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे हे एका दिवसाचे तत्त्वज्ञान ज्यांना प्रत्यक्ष चुलीपाशी निभावावे लागले, त्या लक्ष्मीबाईंची कहाणी मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांच्या माहेरी सोवळ्याचे थैमान होते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून चालत नसे. अशा घरात अन्नपाणी हे सुख नसून संकट असते. घोटभर पाणी पिण्यापूर्वी ते कोठून आले, कोणी आणले, कोणाची सावली पडली, ह्याचा हिशेब. पाण्याला गोडी आहे हे ध्यानात यावयास सवड कोठली!

पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर, आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्या काळात त्यांनी जे भोगले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे. पुढे त्या नगरास टिळकांकडे आल्या, पण सोवळे सांभाळूनच. टिळकांनी बळजोरी केली नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणच उत्तर काढले, की जातींची ही कुंपणे देवाने घातलेली नसून माणसांनी घातलेली आहेत. आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे त्यांनी ठरविले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी पाण्यावरचा पहारा उठला, मग धर्म बदलला. ज्या हाताने पाणी आणले तो हात अपवित्र मानून पाण्याबद्दल देवाचे आभार मानणे, हे मला तरी अशक्य दिसते.

आपल्या संतांनी हे आधी सांगितले नव्हते काय, असे कोणी विचारील. सांगितले होते, आणि टिळकांना ते मान्य होते. तुकोबांचे ऋण त्यांनी उघडपणे कबूल केले. परंतु भजनात सर्वांना एक म्हणणारा वारकरी घरी येऊन जेवावयास बसला म्हणजे पाटाची रांग पुन्हा जुनीच होई.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला. मिशनरी बंगल्यात, पगारी उपदेशक कोठीत, आणि दोघे मिळून देवाचे आभार मानणार, हे त्यांना पटेना. माणसाच्या पगाराऐवजी देव रोज देईल त्यावर राहावयाचे, असा त्यांचा बाणा. बाणा तेजस्वी खरा, पण त्याचा भार पडला घरधनिणीवर. आले तसे वाटून टाकणाऱ्या नवऱ्याचा संसार म्हणजे डब्यात पीठ आहे की नाही ही रोजची धास्ती. लक्ष्मीबाई रागावत, भांडत, आणि तरीही दारी आलेल्या पोरक्या पोरास जेवू घालीत. त्यांच्या आठवणी मी पुनःपुन्हा वाचतो त्या ह्यासाठी, की सोसलेल्या हालांचे भांडवल त्यांनी कोठेही केलेले नाही. उणे ते उणे म्हणून सांगितले आणि त्यावर स्वतःच हसून घेतले. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ज्या बाईला लग्नानंतर त्यांनीच अक्षरे गिरवावयास लावली, तिनेच ते पुरे केले, आणि १९३६ साली ती गेली तेव्हा 'स्मृतिचित्रे' संपवावयाचे काम मात्र मुलाला, देवदत्ताला, करावे लागले.