तुरीची मर आणि चमकणारी बुरशी

वाशिम, रिसोड, कारंजा भागात सोयाबीनमधली तूर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सोयाबीन निघतं, तूर फुलावर येते, आणि ओल असूनही एखादं झाड सुकायला लागतं. खोड चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. आपण म्हणतो, मर लागली. म्हणजे आपण धुरावरून अग्नी ओळखतो. न्यायदर्शनात यालाच अनुमान म्हणतात.

हे अनुमान पक्कं करायला बरीच खटपट पडली. बिहारमधल्या पुसा इथे एडविन बटलर हे सरकारी बुरशीतज्ज्ञ होते. मेलेल्या तुरीवर दोन बुरशा सापडत. त्या एकाच बुरशीची दोन रूपं, असं काही जण मानत. बटलर यांनी १९१० साली निवाडा दिला: मारणारी वेगळी, मेल्यावर येऊन बसणारी वेगळी. मारणारीला त्यांनी फ्युजेरियम उडम हे नाव दिलं.

पण जिवंत मुळात ती शिरते कशी? मातीतले सगळे तंतू सारखेच दिसतात. इथे मदत समुद्रातून आली. १९६२ मध्ये शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं काढलं. १९९४ मध्ये चाल्फी यांनी त्याचं जनुक जिवाणूत आणि कृमीत चालवून दाखवलं. १९९६ पर्यंत ते मक्याच्या काणीच्या बुरशीत पोचलं. पुढे २००२ मध्ये तुरीच्या बुरशीची चुलत बहीण टोमॅटोच्या मुळावर पाहिली गेली: आधी मूळरोमांना चिकटते, मग पेशींच्या सांध्यांतून पसरते.

मग हे प्रत्यक्ष झालं का? आपल्याला दिसते ती खूण. जनुक नको त्या जागी बसलं, तर बुरशीचा स्वभावच बदलू शकतो. म्हणून खूण केलेली बुरशी मूळ बुरशीइतकीच झाड मारते का, हे आधी तपासावं लागतं. प्रत्यक्षालाही अनुमानाचा टेकू लागतोच.

शिवाय १९८९ च्या नियमांमुळे अशी बुरशी परवानगीशिवाय शेतात सोडता येत नाही. आपल्या बांधावर अजून चिरलेलं खोडच पुरावा आहे.

मग शेतकऱ्याला यातून काय? इक्रिसॅटच्या प्रयोगांत ज्वारीतल्या तुरीला मर कमी लागली. आपल्याकडे पूर्वी तूर ज्वारीतच असायची. मग सोयाबीन आलं. ज्वारीच्या मुळांपाशी ही बुरशी नेमकी कुठे अडते, हे चमकणाऱ्या बुरशीला विचारता येईल. प्रश्न मात्र आपल्या शेतातून जायला हवा.