खराटा, कीर्तन आणि निवारा

दसरा झाला की आपल्या लिंबागणेशच्या शिवारातून कोयते निघतात. उचल घेतलेली असते. मग पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर, कोपीत संसार. गावात घर असून बेघर होणं काय असतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच आज गाडगेबाबांचा इतिहास पाहू.

बाबांचं मूळ नाव डेबूजी. जन्म 1876 सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. शाळा त्यांना मिळाली नाही. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. ज्याला स्वतःला छप्पर नव्हतं, त्याला उघड्यावर झोपणाऱ्याचं दुःख कळलं.

बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते नुसते सांगत नसत, समोरच्यांना विचारत. कर्ज काढून सण करावा का? नवसाला बकरं कापावं का? पोरांना शाळेत घालावं की नाही? उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. आपल्या तोंडून निघालेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

त्या काळी पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कुणी पाठ टेकू देत नसे. बाबांनी लोकवर्गणीतून तिथं चोखामेळा धर्मशाळा उभारली. 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदी इथंही धर्मशाळा झाल्या. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ प्रवासातच बाबा गेले. पण काम थांबलं नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात येणारे गरीब कॅन्सर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

यातून आपण काय घ्यायचं? भजन आपल्याकडेही आहे, टाळ आहेत, बचत गटही आहे. बाबांनी देवाच्या नावानं जमलेल्या माणसांना माणसाच्या कामाला लावलं, तेच आपणही करू. कोयते निघण्याआधीच्या भजनात, आरती झाल्यावर उठायची घाई नको. एकमेकींना तीन प्रश्न विचारू. यंदा कोण कोण जाणार? तिची लेकरं हंगामी वसतिगृहात राहणार की फडात? आणि मागं राहिलेल्या सासू-सासऱ्यांकडे रोज कोण डोकावणार?

उत्तरं गटाच्या वहीत नावानिशी लिहू. गाडी हलायच्या आत प्रत्येक लेकराची जागा ठरली पाहिजे.