क्रिटेशस समुद्रातले करवतधारी पाकट

करवतीसारखे लांब तोंड असलेले मासे आजच्या समुद्रात दोन कुळांत आढळतात. करवत मासा हा पाकटांपैकी; त्याच्या कल्ल्यांच्या चिरा अंगाखाली असतात. करवती मुशी ही मुशींपैकी. तिच्या चिरा बाजूला असतात आणि करवतीला दोन मिशा लोंबतात. क्रिटेशस काळात या दोहोंहून वेगळे, पाकटांचेच तिसरे कूळ होते: स्क्लेरोऱ्हिंकिड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नामशेष झाले त्याच संकटात, तेही संपले.

पाकटांचा सांगाडा कूर्चेचा असतो. ती लवकर कुजते. उरतात ते दात, करवतीचे काटे आणि फार तर काही मणके. त्यामुळे या कुळाचा इतिहास बराच काळ सुट्या काट्यांवरूनच लिहिला गेला. अमेरिकेत जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये अशाच अवशेषांवरून 'इस्किऱ्हायझा' ही प्रजाती नोंदवली. अल्जेरियातल्या अवशेषांचे वर्णन एमिल ओग यांनी १९०५ मध्ये केले. इजिप्तच्या बहारिया मरूद्यानातली करवत अभ्यासून अर्न्स्ट स्ट्रोमर यांनी १९१७ मध्ये त्या प्राण्यासाठी 'ऑन्कोप्रिस्टिस' ही प्रजाती स्थापली. तो त्यांना करवत माशांच्या कुळातलाच वाटला. बहारियाच्या त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवरील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. ही हानी न भरून येणारी आहे.

ऑन्कोप्रिस्टिसच्या काट्याला टोकाजवळ गळासारखा उलटा आकडा असतो, म्हणून तो चटकन ओळखू येतो. मोरोक्कोच्या केम केम थरांत असे काटे विपुल सापडतात. तिथल्या नद्यांत शिकार करणाऱ्या स्पायनोसॉरसच्या एका जबड्यात दातांपाशी ऑन्कोप्रिस्टिसचा मणका अडकलेला मिळाला आहे. याच विपुलतेमुळे बाजारात सुटे काटे चिकटवून बनवलेल्या 'अखंड' करवतीही विकल्या जातात. अशा जोडकामावरून काट्यांची मांडणी ठरवणे धोक्याचे.

खरा उलगडा लेबनॉनच्या चुनखडकांनी केला. हाकेल, ह्जूला आणि साहेल आल्मा इथल्या बारीक थरांत अख्खे मासे पसरलेले मिळतात: करवत, छातीचे पर, शेपटी, सगळे जागच्या जागी. साहेल आल्माच्या 'स्क्लेरोऱ्हिंकस'चे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १८८९ मध्ये केले होते. हाच नमुना धरून आंरी कापेता यांनी १९७४ मध्ये स्वतंत्र कूळ मांडले आणि करवत तीन वेळा स्वतंत्रपणे घडली, असे म्हटले.

या मताचा भक्कम आधार म्हणजे काट्यांची बैठक. करवत माशाचा काटा खोबणीत घट्ट बसतो आणि मुळाकडून आयुष्यभर वाढतो. समूळ उपटला की पुन्हा येत नाही. स्क्लेरोऱ्हिंकिडांचे काटे मात्र खोबणीत नसत. ते करवतीच्या कडेला ऊतींनी बांधलेले असत, गळत, आणि त्यांच्या जागी नवे येत. 'स्किझोऱ्हायझा'त बदली काटे जुन्या काट्यांच्या तळाशी रचलेले दिसतात.

अलीकडच्या सांगाड्यांच्या अभ्यासांनी या कुळाला स्केट पाकटांच्या जवळ नेले आहे. आजच्या करवत माशांच्या कुळाचे निश्चित जीवाश्म इओसीन काळापासून, म्हणजे स्क्लेरोऱ्हिंकिड संपल्यानंतर सुमारे एक कोटी वर्षांनी मिळू लागतात. इजिप्तच्या इओसीन थरांतला 'प्रोप्रिस्टिस' त्यांपैकी एक.